एकशे बारावी घंटा

माझ्या चुलत सासऱ्यांनी एकदा भर पंगतीत मला विचारलं, "सूनबाई, गेम खेळला म्हणून आमी नातवाला हाणतो, आन तुमाला त्याचाच पगार देत्यात म्हणं?" सगळी पंगत हसली. मीही हसले. नोकरीला लागून तेव्हा दोनच महिने झाले होते आणि मलाही ते गमतीचं वाटत होतं. आज कुणी असं विचारलं तर मी ताटावरून उठेन.

या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच सांगितलं. "वैशालीताई, तुमचं क्षेत्र वेगळं आहे, त्यातल्या गमतीजमती लिहा." लिहिते. एखाददुसरी गंमत आहे. पण गेल्या दीड वर्षापासून मी संतापलेली आहे आणि तो संताप बाजूला ठेवून मला या कामाबद्दल एक ओळही लिहिता येणार नाही.

आधी काम काय ते सांगते. काही गेम असे असतात की त्यात अख्खं जग बांधलेलं असतं. डोंगर, ओढे, वाड्यावस्त्या, देवळं. खेळणारा त्यात मनाला येईल तिकडं हिंडू शकतो. पण सगळं जग पहिल्या दिवशी उघडं नसतं. वेशीवर दार असतं, आणि ते उघडायचं तर अलीकडच्या भागात लपवून ठेवलेल्या वस्तू शोधून गोळा कराव्या लागतात. कुठल्या गेममध्ये पिसं असतात, कुठल्यात नाणी. आमच्या गेममध्ये घंटा होत्या. सात खोरी, आणि प्रत्येक खोऱ्यात तांब्याच्या अठ्ठावीस घंटा. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मिळाल्या की पुढच्या खोऱ्याचं दार उघडायचं. सत्तावीसला उघडायचं नाही. (घंटा या शब्दावर जे विनोद करता येतात ते आमच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यातच करून संपले होते. वाचकांनी त्रास घेऊ नये.)

हे जग बांधणारी मंडळी लांब परदेशात. आम्ही बारामतीत, एमआयडीसीच्या रस्त्याला, एका पशुखाद्याच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत नऊ जण बसायचो. आमचं काम एवढंच, की बाहेर विकायला जाण्याआधी प्रत्येक घंटा खरोखर हाताला लागते का ते बघायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण गेममधली भिंत ही भिंत नसते, भिंतीचं चित्र असतं. 'तुझ्यातून कुणाला आरपार जाऊ देऊ नकोस' असं त्या चित्राला वेगळं सांगावं लागतं. सांगायचं राहिलं की माणूस भिंतीतून पलीकडं जातो, बैल कमरेपर्यंत जमिनीत रुततो, हातातली कुऱ्हाड खाली ठेवली की गायब होते. म्हणून आम्ही दिवसभर भिंतींना धडका देत असू. एकाच भिंतीला डावीकडून, उजवीकडून, वाकून, उडी मारून, पळत येऊन. मग तिच्या शेजारची भिंत. मग पुढचं घर. असं एक गाव संपायला तीन दिवस लागायचे. याला खेळणं म्हणत असतील तर रस्त्यावर खडी फोडणाऱ्याला गोट्या खेळतोय म्हणा.

माझे वडील, आबा, पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. आमचं गाव बावडा. इंदापूर तालुक्यातल्या कालव्याच्या चाऱ्यांवरनं आबांनी उभा जन्म पायी काढला. कुठं भराव खचलाय, कुठं खेकड्यानं भोक पाडलंय, कुठं कुणी गुपचूप पाइप घातलाय, हे बघत. ते म्हणायचे, "पाण्याकडं बघत चाललं की गळती दिसत न्हाय. कडंला बघावं." मी गेमच्या नकाशावर चौकोन आखून घेतले आणि कडेला बघत चालायला लागले. पहिल्या वर्षातच लोक मला विचारायला येऊ लागले. माझ्या शेजारी बसणारा इरफान कानानं शोधायचा. घंटेजवळ गेलं की बारीक किणकिण यायची. तो डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ताई, डावीकडं, तुमच्या पायाखाली." आम्ही दोघांनी मिळून ज्या जागा तपासल्या त्यातली एकही घंटा कधी नापास होऊन परत आली नाही. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, म्हणून तर राग येतो.

आता चौथ्या खोऱ्यातली विहीर.

ती बारव होती. चारी बाजूंनी पायऱ्या, आत कमानी, काठावर लाकडी रहाट. काळंभोर पाणी, आणि पाण्याखाली दगडी खुंटीला अडकवलेली घंटा. आमच्या यादीत तिचा नंबर एकशे बारा. बांधणाऱ्यांचा हिशेब असा, की खेळणारा पाण्यात बुडी मारेल, घंटा काढेल, वर येईल, मग रहाट फिरवून पाणी उतरवेल आणि तळातल्या भुयारातनं बाहेर पडेल.

मी बुडी मारली नाही. मी आधी रहाट फिरवला. आमच्या भागातल्या माणसाला विहीर दिसली की तो काठावरनं वाकून पाणी किती आहे ते बघतो, आणि उपसायची सोय असली तर उपसून तळ बघतो. अनोळखी पाण्यात कपड्यांसकट उडी कोण मारतं?

पाणी भराभर उतरलं. त्याच्याबरोबर घंटा खुंटीवरनं निसटली, तळावर पडली आणि तळातून खाली गेली. त्या तळाला घंटा अडवायला सांगायचं राहून गेलं होतं. पाणी उतरलं की गेम आपोआप तिथवरचा खेळ साठवून ठेवायचा, त्यामुळं मागं फिरायचीही सोय नव्हती. सत्तावीस घंटा हातात, अठ्ठाविसावी पाताळात, आणि पुढची तीन खोरी कायमची बंद. त्यातही वाईट हे, की खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, घंटा इथंच कुठंतरी आहे. तो शोधत बसतो.

मी तक्रार लिहिली, चित्रफीत जोडली. दोन दिवसांनी ती 'बंद' असा शिक्का घेऊन परत आली. पुन्हा लिहिली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा लिहून मी थेट आमच्या मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना आम्ही सर म्हणायचो. पुण्यात दहा वर्षं काढून आलेले, बोलायला गोड, रागावले तरी आवाज न चढवणारे.

"किती वेळा करून बघितलंस?" सरांनी विचारलं.

"वीस वेळा. वीसही वेळा घंटा खाली गेली."

"पण आधी रहाट फिरवल्यावर. म्हणजे तू मुद्दाम उलटं केलंस."

"सर, काठावर रहाट ठेवलाय. माणूस फिरवणारच."

"तिकडची माणसं सरळ उडी मारतात."

"आणि इकडची?"

सर हसले. "इकडं कोण खेळणार आहे, वैशाली?"

मग त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. गेम मंगळवारी बाहेर पडणार होता. आता नवी चूक काढली तर तारीख हुकणार, तारीख हुकली की पुढचं काम दुसऱ्या शहरातल्या कंपनीकडं जाणार, आणि मग या नऊ खुर्च्यांचं काय? शेवटी माझ्या तिसऱ्या तक्रारीवरही 'बंद'चा शिक्का मारून म्हणाले, "तुला टीमचं प्रमुख करायचं माझ्या मनात आहे. प्रमुखानं मोठं चित्र बघायचं असतं."

प्रत्येक खोरं संपलं की तपासणाऱ्यानं दाखला द्यायचा असे: 'या खोऱ्यातल्या सर्व घंटा मिळतात.' खाली नाव आणि सही. चौथ्या खोऱ्याचा दाखला माझ्यापुढं होता.

मी सही केली.

नऊ जणांच्या नोकरीसाठी केली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. मला प्रमुख व्हायचं होतं.

आठेक महिन्यांनी तो गेम मोबाइलवर आला, आणि आला तो हिंदी, मराठी आणि आणखी चार भाषांत. मराठी खेळणाऱ्यांसाठी मदतीचा फोन लागणार होता. ते काम कुणाला मिळालं? आम्हाला. आणि मराठी फोनची प्रमुख कोण? मी. 'इकडं कोण खेळणार आहे' म्हणणाऱ्या माणसानं त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

इकडं सगळे खेळत होते. खताचे दुकानदार, एसटीचे कंडक्टर, शिक्षिका, डाळिंबाच्या बागेत राखणीला बसलेली माणसं. आम्हाला बोलायला एक वाक्य छापून दिलं होतं: "शोधत राहा, घंटा तुमच्या जवळच आहे." याच्या पलीकडं जागा सांगायची नाही, कारण गेममध्ये इशारे विकत मिळत होते.

नरसिंहपूरच्या दोन जावा होत्या. एकाच फोनवर, एकाच नावानं खेळायच्या, पण दोघींची बोलचाल बंद. थोरली सकाळी फोन करायची, "धाकटीला सांगू नका, पर वडाच्या ढोलीत हात घातला तर चालंल का?" दुपारी धाकटी, "थोरलीनं वडापतूर केलंय वाटतं. मी आता वढ्याच्या अंगानं जाते. तिला म्हणू नका." अशी एक अक्षर न बोलता दोघींनी मिळून तीन खोरी उघडली. आम्ही ऑफिसात त्यांच्या फोनची वाट बघायचो. मग त्या चौथ्या खोऱ्यात पोचल्या आणि विहिरीपाशी अडकल्या. काही दिवसांनी धाकटीचा फोन आला. "मला ठावं हाय, घंटा तिनंच काढून कुटंतरी लपवलीया. माझ्या हाताला लागू नये म्हणून." मी हसले आणि छापील वाक्य म्हणाले.  त्या घरात आधीच भांडण होतं, मी त्यात भर घातली.

शेळगावच्या भगवानतात्यांचा पहिला फोन आला तेव्हा मला त्यांचं बोलणंच कळेना. शब्द जड, ओढत येणारे. मग त्यांच्या पत्नीनं, सुभद्राकाकूंनी फोन घेतला. "ताई, ह्यास्नी अर्धांग झालंय. उजवी बाजू गेलीया. डाव्या हाताच्या अंगठ्यानं खेळत्यात. तुमी जरा सबुरीनं ऐका."

तात्या साखर कारखान्यात बॉयलरकडचे फिटर होते. निवृत्त झाले आणि दुसऱ्या वर्षी झटका आला. वर्षभर भिंतीकडं तोंड करून पडून होते. मुलीनं जुना टॅब आणून दिला, डॉक्टर म्हणाले बोटं हलती ठेवा, आणि तात्यांनी घंटा शोधायला सुरुवात केली. काकू टॅब धरून बसायच्या. सात-आठ महिन्यांत त्यांनी एका अंगठ्यानं एकशे अकरा घंटा गोळा केल्या. आमच्या ऑफिसात दोन्ही हात धड असलेल्यांनाही तेवढ्या करायला घाम फुटला होता.

"बाई, विहिरीत घंटा न्हाय," तात्या म्हणाले.

"आधी पाणी उतरवलंत का, तात्या?"

"मग? पाणी उतरल्याबिगर तळ कसा दिसंल?"

मी डोळे मिटून घेतले. आणि म्हणाले, "शोधत राहा, घंटा तुमच्या जवळच आहे."

ते रोज अकराच्या सुमारास फोन करायचे. पहिल्या आठवड्यात ठाम होते. "न्हाय म्हंतोय मी. पायरी न् पायरी बघितली." दुसऱ्या आठवड्यात आवाज उतरला. "उजव्या अंगाच्या कमानी परत बघतो." मी सरांकडं तीनदा गेले. सर म्हणाले, "इशारा विकत घ्यायला सांग." मी म्हटलं, "इशारा विहिरीचीच जागा दाखवतो. विहिरीत घंटा नाही." सर म्हणाले, "विहिरीखाली तर आहे ना? मग आपण काय खोटं बोलत नाही."

तिसऱ्या आठवड्यात तात्या म्हणाले, "माझंच कायतरी बिघडलंय, बाई. डोक्यात गुठळी झालीया न्हवं. उजवीकडचं दिसत नसंल मला. घंटा हितंच असंल, मलाच दिसंना झालीया."

मला ते छापील वाक्यही म्हणवलं नाही.  फोन ठेवला.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला, बारामतीतल्या एका दवाखान्यातून. तात्यांनी हट्टच धरला होता की नजर अर्धी गेली आहे, झटका परत आला असणार. जेवण सोडलं होतं. शेवटी घरच्यांनी गाडी करून त्यांना डोक्याचा फोटो काढायला आणलं होतं. "डॉक्टर म्हंत्यात नजर चांगली हाय, डोकंबी हाय तसंच हाय," काकू म्हणाल्या. "पर त्यांचा इस्वास बसंना. म्हंत्यात, मग घंटा का दिसंना? तुमी एकदा सांगा त्यास्नी. तुमचं ऐकत्यात."

दवाखाना आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर होता. मी गेले नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

रविवारी स्कूटी काढली आणि लासुर्णं, अंथुर्णं ओलांडून शेळगावला गेले. तात्यांचं घर रस्त्यापासून आत, उसाच्या कडेला. ओट्यावर लोखंडी खाटेवर ते उशीला टेकून बसले होते. मोठ्या हाडाचा माणूस, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मांडीशेजारी टॅब, विझलेला.

काकूंनी ओळख करून दिली. "फोनवरच्या बाई आल्यात." तात्यांचा चेहरा अर्ध्या बाजूनं उजळला. डावा हात त्यांनी कपाळाला लावला. काकू पाणी आणायला वळल्या, त्यांना मी थांबवलं. पाणी पिऊन मग सांगणं मला जमलं नसतं.

"तात्या, विहिरीत घंटा नाही. पाणी आधी उतरवलं की ती तळातून खाली जाते. गेममध्ये चूक आहे. तुमची नजर चांगली आहे."

तात्यांनी डाव्या हातानं टॅब बाजूला सारला.

"कवापासनं म्हाईत हुतं?"

"गेम बाहेर यायच्या आधीपासून."

"कुणी तपासला हुता?"

"मी."

"मग पास कुणी केला?"

"मीच. सही माझी आहे."

काकू खाटेच्या दांड्याला धरून खाली बसल्या. तात्या बोलायला लागले. एकेक शब्द गोळा करून, त्यामुळं मला प्रत्येक शब्द नीट ऐकावा लागला.

"बत्तीस वर्सं कारखान्यात काढली. व्हॉल्व्ह गळतोय, म्हाईत हाय, सीझन तोंडावर, सायब म्हंतोय सही कर. मी म्हणायचो, सायब, सही तुमी करा, पान्हा मी धरतो. एकदा घरी बसवलं मला. पर केली न्हाय." ते थांबले, दम घेतला. "तू तीन आठवडं मला आंधळा करून ठिवलंस, बाई."

मी "चुकलं" म्हणाले. ते शब्द इतके हलके वाटले की परत म्हणावेसे वाटले नाहीत.

"जा आता," तात्या म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

काकू स्कूटीपर्यंत आल्या. मला वाटलं समजूत घालतील. आपल्याकडं बायका घालतात. काकूंनी घातली नाही. त्या म्हणाल्या, "त्या मशिनीत आत सरकवताना त्ये रडलं. चाळीस वर्सांच्या संसारात मी त्यास्नी रडताना बघितलं नव्हतं. ह्ये तुमच्या सायबाला सांगा."

सोमवारी सकाळी मी सरांना सांगितलं. शब्द न बदलता. सर लॅपटॉपवरनं नजर न काढता म्हणाले, "म्हातारा माणूस गेमपायी रडतो, हा आपला विषय आहे का?"

मी बाहेर आले, माझ्या खुर्चीत बसले आणि दोन कामं केली. पहिलं, परदेशातल्या बांधणाऱ्यांना थेट पत्र लिहिलं. चित्रफीत जोडली, तिन्ही जुन्या तक्रारी जोडल्या, त्यांच्यावरचे 'बंद'चे शिक्के जोडले, आणि माझ्या सहीचा दाखलाही जोडला. आमच्या करारात थेट लिहायला मनाई होती. सगळा पत्रव्यवहार सरांच्या हातून. दुसरं, त्या दिवशी विहिरीबद्दल जे जे फोन आले त्या प्रत्येकाला खरं सांगितलं. सतरा फोन आले. एका कंडक्टरनं मला शिवी दिली, मी ती घेतली. नरसिंहपूरच्या धाकटीला सांगितलं, "तुमच्या जाऊबाईंनी काही लपवलेलं नाही. चूक आमची आहे."  ती म्हणाली, "आवो, पर मी तर तिला नाय नाय ते बोलून बसले. आता काय करू?" 

उत्तर परदेशातून दुसऱ्याच दिवशी आलं, सगळ्यांना दिसेल असं. दोन ओळींचं. एका ओळीत आभार. दुसरीत प्रश्न: ही चूक इतके दिवस आमच्यापर्यंत का पोचली नाही?

सरांनी मला आत बोलावलं. आवाज तेव्हाही चढवला नाही. "तू माझ्या पाठीवरनं उडी मारलीस."

"तुम्ही माझ्या तीन तक्रारी बंद केल्या होत्या."

"सही तुझी होती."

"हो. आणि सगळ्यात आधी माझंच नाव लिहिलंय मी त्या पत्रात. तुम्ही तुमचं लिहा."

"वैशाली, या गावात तुला असं काम परत मिळणार नाही."

"हे असं काम नकोच आहे मला," मी म्हणाले. हे वाक्य मी आधी ठरवून ठेवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग मला कळलं की अकरा वर्षं संपली.

बाहेर कुणी मान वर केली नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. त्या दाखल्यावर सही करताना मीही मान खालीच घातली होती. फक्त इरफान माझं हेल्मेट घेऊन जिन्यानं खाली आला.  मी गाडी चालू केल्यावर म्हणाला, "ताई, त्या बारवेत मलाही किणकिण जमिनीखालनं ऐकू आली होती. मी बोललो नाही." मग वर निघून गेला.

चूक चार दिवसांत दुरुस्त झाली. तळाला तळ असल्याचं सांगितलं गेलं, झालं. ज्यानं केलं त्यानं नंतर मला लिहिलं की एका सकाळचं काम होतं. एका सकाळच्या कामासाठी एक माणूस मशिनीत जाऊन रडून आला आणि दोन जावांमधलं उरलंसुरलं नातं तुटलं. मला कुणी मोठ्या मनानं सांगतं की जाऊ द्या हो, शेवटी गेमच तर आहे. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. माणूस ज्याच्यावर रोज चार तास जीव लावतो, त्यात त्याला फसवायचं आणि वर म्हणायचं, लहानशी गोष्ट आहे. लहान होती तर नीट का केली नाही?

आणि सर? काम त्यांच्याकडंच राहिलं. गेमच्या शेवटी नावांची यादी सरकते, तिथं 'चौथं खोरं, दुरुस्ती' समोर त्यांच्या कंपनीचं नाव आहे. मी आता घरून, दोन छोट्या कंपन्यांसाठी तपासणीचं काम करते. कमी आहे, पण माझ्या तक्रारीवर शिक्का मारायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, एवढी अट मी पहिल्याच दिवशी घातली.

दुरुस्तीत एक खोट होती. ज्यांची घंटा आधीच खाली गेली होती त्यांना ती परत मिळणार नव्हती. त्यांना चौथं खोरं पहिल्या घंटेपासून करावं लागणार होतं. हे मी काकूंना फोनवर सांगितलं आणि म्हणाले, "तात्यांना हवं तर मी सगळ्या जागा लिहून पाठवते." मागून तात्यांचा आवाज आला. "जागा नकोत म्हणावं." फोन ठेवला गेला.

त्यानंतर दहा-अकरा महिने काही नाही. मी फोन केला नाही. मला जा म्हणून सांगितलेलं होतं.

मग गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तात्यांचा फोन आला. बोलणं बरंच सुटलं होतं. ना नमस्कार, ना विचारपूस.

"पाचवं दार उघडलं."

 "छान झालं, तात्या."

"छान काय? एक इचारायचंय. हितं आत आलं की वढा हाय. त्याचं पाणी खालनं वर चाललंय. डोंगराकडं. दोन दिस बघतोय. माझी नजर चांगली हाय, त्ये तूच सांगितलंस. मग एवढ्या माणसांत ह्ये कुणाच्या ध्यानात आलं न्हाय?"

"आलं होतं, तात्या. मीच लिहून दिलं होतं. दोनदा."

"मग?"

"बंद केलं."



"मग?" ते परत म्हणाले.

नोकरी सुटून वर्ष होत आलं होतं. त्या गेमशी माझा कागदोपत्री काही संबंध उरला नव्हता. मी फोन कानाशी तसाच धरून संगणक उघडला, बांधणाऱ्यांचा पत्ता काढला आणि त्या ओढ्याबद्दल तिसऱ्यांदा लिहायला घेतलं. पाणी कुठल्या दगडापासून चढायला लागतं ते तात्या सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवटी खाली माझं नाव घातलं, त्याच्याखाली तात्यांचं, आणि दोन्ही नावांपुढं गावं लिहिली. बावडा. शेळगाव.